उजवं मागचं चाक

आंधळ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली, पण सरळ थांबली नाही. मागचं डावं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. उजव्याने मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीचं बूड हातभर दरीच्या अंगाला सरकलं. मागच्या दोन बाकांवर समोरासमोर बसलेल्या तोडणीवाल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि खो खो हसल्या. दिवसभर शिडीवर उभं राहून फळं तोडलेल्या माणसाला हसायला एवढंसं निमित्त पुरतं.

"अरे गोगलगायी, गाडी चालवतोस का पाळणा हलवतोस?" आक्का म्हणाली.

आक्का त्या सगळ्यांत म्हातारी, आणि जीभ सगळ्यांत तरणी. तो गाडी हळू चालवतो म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. बाया परत हसल्या. त्यानेही हसल्यासारखं केलं. पाय मात्र ब्रेकवर तसाच दाबून ठेवला, कारण उचलला तर तो थरथरेल आणि शेजारी बसलेल्या बाईला दिसेल, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने आरशात पाहिलं. उजव्या बाकावर, चाकाच्या अगदी वर, त्याची बायको बसली होती. ती हसत नव्हती.

यंदाच्या पुराने खालचा पूल नेला आणि बागेकडे जाणारा चांगला रस्ता बंद पडला. उरला हा जुना. बागेतून निघालं की उतारच उतार, मध्ये हे आंधळं वळण, आणि तळाला ओढा. ओढ्यात गाडी घालायची आणि देवाचं नाव घेऊन पलीकडे काढायची. पिकलेलं फळ काही पुलासाठी खोळंबून राहत नाही, म्हणून सकाळी बायांना वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं काम याच्या गळ्यात आलं. गाडी जुनी. कागदावर तिला एसयूव्ही म्हटलं होतं, बाकी सगळे जीपच म्हणत. पण एवढी माणसं घेऊन तो चढ चढणारी दुसरी गाडी आसपास नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

घरी आल्या आल्या आईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"माझ्या बाटलीचं बूच सापडलं का रे?"

"बघतो आई."

"बघतो बघतो म्हणतोस आणि सगळं तेल माझ्या अंथरुणाला लागतंय."

आईच्या गुडघ्यांच्या तेलाची ती बाटली. तिला काळं जाड रबरी बूच होतं, आणि ते कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पूल गेला तेव्हा पहिल्यांदा ओढ्यात गाडी घालायची म्हणताना त्याने पाणी काठीने मोजून पाहिलं होतं. मागच्या दोन चाकांमधला, ऑइलने भरलेला एक्सल पूर्ण पाण्यात बुडणार. त्या एक्सलच्या डोक्यावरून हवेसाठी बोटभर जाडीची रबरी नळी वर येते. तिच्या तोंडातून पाणी आत गेलं तर आतल्या गिअरचे दात खलास. त्याने घरभर शोधलं, आणि आईच्या बाटलीचं बूच त्या नळीच्या तोंडात असं चपखल बसलं की त्याला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. आईला सांगितलं असतं तर तिने परत मागितलं असतं. म्हणून तो बोलला नाही. बाटलीच्या तोंडात तेव्हापासून चिंधी होती.

उजेड होता तोवर तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. उजव्या मागच्या टायरची आतली बाजू ओली होती. वरून पाहणाऱ्याला टायर धड दिसला असता, पण आतून चिकट काळा ओघळ पार खाली आला होता आणि त्यावर धुळीचा थर बसला होता. त्याने बोट लावून वास घेतला. मग मूठभर माती घेऊन त्या ओलीवर फासली. कुणापासून लपवतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. हात साबणाने दोनदा धुतला.

जेवताना बायको ताट वाढता वाढता थांबली.

"हात दाखवा."

"काय झालं?"

"दाखवा तर."

तिने त्याची बोटं नाकाशी नेली. ती गाड्यांच्या मिस्त्रीची बहीण. गॅरेजच्या पत्र्याखाली रांगायला शिकलेली.

"हे ब्रेकचं ऑइल नाही. ते पाण्यासारखं पातळ असतं. हा सडक्या कांद्याचा वास मागच्या एक्सलच्या ऑइलचा," ती म्हणाली. "ऑइल अडवणारं सील गेलंय. ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं असणार. आतल्या लायनरच्या पट्ट्यांना तेल लागल्यावर ब्रेक कशाला धरेल?"

"एवढं कशावरून म्हणतेस?"

"बाकावर बसले की खालून हाच वास येतो. कालपण येत होता."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

त्याने घास तोंडात घातला. ती म्हणाली, "उद्या गाडी घालू नका."

"मी नाही घातली तर मुकादम भाच्याचा ट्रॅक्टर लावतो. आजच म्हणत होता. ट्रॉलीत बसून उतरशील त्या वळणावरून? ट्रॉलीला ब्रेकच नसतो."

 आतून आई म्हणाली, "कशाचा वास येतोय गं?" त्याने हात ताटाखाली नेला.

नशिबाने दुसऱ्या दिवशी बागेत पेट्या संपल्या आणि तोडणी बंद राहिली. नवराबायको रिकामी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री तिचा मोठा भाऊ. याला तो दाजी म्हणायचा आणि मानही द्यायचा, पण गाडीवर हात ठेवला की नात्यागोत्याचं भान सुटायचं.

"दाजी, राग मानू नका, पण गाडी आहे का गोठा? किती चिखल हा!"

त्याने जॅक लावला, चाक काढलं, ड्रमवर हातोडीचे चार ठोके दिले. ड्रम निघाला आणि आतून काळं ऑइल जमिनीवर सांडलं. लायनर तेल पिऊन चमकत होते. ड्रायव्हरला ते पाहवेना. या चमकत्या लायनरवर भरवसा ठेवून त्याने काल एवढ्या बाया खाली आणल्या होत्या.

"पेट्रोलने धुऊन वाळवले तर?" त्याने विचारलं.

"धुवा. वरून कोरडे होतील. तापले की पोटातलं तेल परत बाहेर येईल. हे टाकायचे, आणि डावीकडचेही बदलायचे. नाहीतर एक बाजू धरेल आणि दुसरी बघत बसेल."

मिस्त्रीने मागच्या पत्र्याचे नट सोडले. मग ड्रम उलटा करून चाकाच्या नटांवर सैलसर अडकवला आणि दोन्ही हातांनी हिसके द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला एक्सलचा लांब शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर आला. त्याने बेअरिंग बोटांवर फिरवलं, कानाशी नेलं, हलवून पाहिलं. खेळ नव्हता. सील उचकटून काढलं तर त्याची रबरी कड लाकडासारखी टणक झालेली.

"वय झालं बिचाऱ्याचं," मिस्त्री म्हणाला. "दुसरं काही नाही."

नवीन सीलच्या कडेला त्याने बोटाने ऑइल लावलं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके हलके ठोकत ते बसवलं. शाफ्ट आत घालताना ड्रायव्हरला तो खालून उचलून धरायला लावला. "टेकवू नका हां दाजी. शाफ्टच्या दातांनी सीलची कड फाटली तर आपण इथे दिवसभर तमाशा केला म्हणायचा." त्याचे खांदे भरून आले, पण त्याने टेकवला नाही. दोन्हीकडचे लायनर बदलून काम झाल्यावर बायकोने टायरची आतली बाजू स्वतः घासून धुतली. म्हणजे परत गळलं तर कळेल, ती म्हणाली.

तीन दिवस टायर कोरडा राहिला. तो शीळ घालायला लागला. चौथ्या दिवशी संध्याकाळी वळणावर ब्रेक दाबला आणि बूड परत दरीकडे सरकलं. या वेळी हातभर नाही, त्याहून जास्त. चाकाखालचे दगड खाली पडत गेल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि ते तळाला पोचल्याचा आवाज मात्र आलाच नाही. बायाही हसल्या नाहीत.

त्याने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकली. 

"उतरा," तो म्हणाला.

"का रे?"

"वळण संपेपर्यंत चालत या. खाली थांबतो."

सगळ्यांच्या आधी त्याची बायको उतरली. मग बाकीच्या उतरल्या, पाटीकोयते घेऊन, दुखऱ्या पायांनी. तो एकटा पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी उतरत होता आणि मागून बायांची रांग येत होती.

"मयताला चालल्यासारखं वाटतंय गं," आक्का मागून म्हणाली. ती थट्टाच करत होती, पण त्याने आरशात पाहायचं सोडून दिलं.

घरी टायर पाहिला. ओला. पहिल्यांदा सील जुनं होतं, म्हणजे भीतीला कारण होतं. आता सील नवं, बेअरिंग चांगलं, मिस्त्रीचा हात चांगला, आणि तरी गळतंय. कारण असलेल्या भीतीशी माणूस भांडू तरी शकतो. ही भीती त्याच्या अंथरुणात येऊन झोपली. डोळा लागला की पाय ब्रेक दाबायचा, आणि बायकोला लाथ बसायची. तिने तक्रार केली नाही. सकाळी तिच्या पोटरीवर काळानिळा डाग होता.

दोन दिवस बाया वळणावर चालत उतरल्या. मुकादमाच्या कानावर गेलंच. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, गाडी बायांना आणते का बाया गाडीला आणतात? जमत नसेल तर सांग. भाचा माझा बसलाच आहे ट्रॅक्टर घेऊन." ड्रायव्हर खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मुकादमाची बडबड त्याला लागली नाही असं नाही. पण ट्रॉलीच्या काठावर बसलेली बायको त्याला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्यापुढे बडबडीचं काय!

मिस्त्रीकडे बायकोच गेली. मिस्त्री चिडला. "माझ्या हातचं सील गळत नाही," म्हणाला. मग बहिणीचं तोंड पाहून नवीन सील, लायनरचा जोड आणि हत्यारांची पिशवी उचलली. "चला. मी त्या चाकाच्या वरच बसून येतो. कुठे गळतं ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

सकाळी मिस्त्री बायांमध्ये अंग चोरून बसला आणि चढभर बाकाखाली कान लावून राहिला. वर पोचून बाया बागेत पांगल्या. गाडी थांबते न थांबते तोच मिस्त्री पाठीवर सरपटत गाडीखाली गेला.

"जरा निवू द्या की," ड्रायव्हर म्हणाला.

"गेल्या वेळी थंड गाडी उघडली, तीच चूक झाली. गरम असताना काय करते ते बघायचंय."

त्याने एक्सलच्या पोटाला, ऑइल भरायच्या बोल्टला, पाना लावला. बोल्ट दोन फेरे सुटला आणि आतून फुस्सकन अशी हवा सुटली की ऑइल मिस्त्रीच्या तोंडावर आणि छातीवर उडालं. शिडी लावायला आलेल्या दोन बाया किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या. मिस्त्री हलला नाही. पापण्यांवर ऑइल, तसाच पडून राहिला.

"दाजी," तो शांतपणे म्हणाला, "हिची हवेची नळी कुठे आहे?"

ड्रायव्हरचे कान तापले. त्याला सगळं एकदम समजलं असं नाही, पण हात आपोआप चासीच्या कोपऱ्याकडे गेला. चिखलाचा गोळा बाजूला सारून त्याने नळी ओढली. मिस्त्रीने तोंड पुसलं, नळीच्या टोकातून काळं बूच उपटलं आणि उजेडात धरलं.

"हे कुणी घातलं?"

"मी. ओढ्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून."

"पाणी गेलं नाही. हवापण गेली नाही. चढावर एक्सल तापतो, आतली हवा फुगते. ती जायची कुठून? तुम्ही दार बंद केलंत, तिने सील सारून खिडकी केली. ऑइल बरोबर घेऊन निघाली, थेट ब्रेकवर. मी शंभर सीलं घातली असती तरी शंभर गळली असती."

तोवर आक्का येऊन ठेपली होती. तिने बूच पाहिलं, हातात घेऊन वास घेतला.

"अगं बाई, हे तर गुडघ्याच्या तेलाचं! गाडीला गुडघेदुखी झाली होती का रे?"

बागेतून हशा उठला. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला सांगत ते बूच झाडाझाडांवर पोचलं. मुकादमही हसला. ड्रायव्हर उभा राहिला. लाज वाटली, पण लाजेखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते फार वाईट होतं. इतके दिवस तो गाडीला भीत होता, वळणाला भीत होता, नशिबाला भीत होता. आणि दरीत लोटणारा हात त्याचाच निघाला. तोही काळजीने पुढे केलेला. पुढच्या वेळी काळजी वाटली तर काय करायचं, हे त्याला कळेना.

बायको हसली नाही. तिने आक्काच्या हातून बूच घेतलं, पदराच्या टोकात बांधलं आणि शिडीवर चढली.

मिस्त्रीने तिथेच, दगडांवर गाडी टेकवून, दुपारभर काम केलं. हवेच्या दाबाने नव्या सीलची कड बाहेर उलटली होती. ते बदललं. लायनर बदलले, ड्रम पुसून कोरडा केला, ऑइल पुन्हा भरलं. हवेच्या नळीला दुसरी लांब नळी जोडून ती मागच्या दिव्याच्याही वर नेली आणि तारेने बांधली. "आता ओढा इथवर चढला तर गाडीची नाही, स्वतःची काळजी करा," तो म्हणाला. शाफ्ट आत जाताना ड्रायव्हरने तो उचलून धरला होता. या वेळी मिस्त्रीने न सांगता दुसऱ्या बाजूने आधार दिला.

संध्याकाळी बाया पाट्या घेऊन गाडीपाशी आल्या.

"आज कुणी बसू नका," ड्रायव्हर म्हणाला. "मी एकटा वळण उतरतो. ब्रेक धरला तर खाली बसा."

मिस्त्रीला हे लागलं. "बसू द्या की. मी सांगतोय ना."

"नको."

बाया कुरकुरत बाजूला झाल्या. तो बसला, चावी फिरवली आणि आरशात पाहिलं. उजव्या बाकावर, चाकाच्या वर, बायको बसली होती.

"उतर."

"नाही उतरत."

"अगं, ऐक जरा. काही झालं तर..."

"काही झालं तर मला खालून चालत येऊन बघायचं नाही," ती म्हणाली. "चला."

त्याला तिचा राग आला, आणि रडूही आलं. त्याने गाडी सोडली. पहिला गिअर, इंजिन कण्हत होतं. बागेची शेवटची झाडं गेली, डावीकडे डोंगर, उजवीकडे मोकळं. वळण जवळ आलं तसा त्याचा पाय जड झाला. आता दाबायचा. आता. त्याने दाबला.

गाडी थांबली. सरळ. नाक रस्त्याच्या मध्यावर, बूड नाकाच्या मागे. एक दगडही खाली गेला नाही.

त्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. बायकोने चाकाखाली दगड लावला, वाकून टायरच्या आतून हात फिरवला आणि खिडकीपाशी येऊन तळवा त्याच्यासमोर धरला. तळव्यावर नुसती धूळ होती.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"हं."

"मग पाय काढा."

"काढतो."

पण पाय निघेना. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकाखाली दगड, आणि तरी त्याला वाटत होतं की हा पाय उचलला की सगळं जाईल. मांडीचा नुसता दगड झाला होता. तो पुढे पाहत राहिला. बायको खिडकीवर हात ठेवून उभी होती. 

वरून बाया आणि मिस्त्री चालत आले. आक्का पुढे होती, तोंडात काहीतरी घोळवत, नक्कीच एखादी जोरदार थट्टा. तिने खिडकीतून आत पाहिलं. त्याचं तोंड पाहिलं, मग खाली पेडलवरचा पाय पाहिला. तोंडातलं तिने गिळून टाकलं. मागे वळली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः आत चढली. दरीच्या बाजूच्या बाकावर, चाकाच्या वर, जाऊन बसली.

"बसा गं सगळ्या," ती म्हणाली. "ढकलाढकली नको."

एकेक जण बसत गेली. बायको तिच्या शेजारी बसली. मिस्त्रीने चाकाखालचा दगड काढला, पुढे येऊन बसला आणि दार लावलं.

"चल रे गोगलगायी," आक्का मागून म्हणाली. "सावकाश चल. कुणाला घाई नाही."

तेव्हा त्याने पाय उचलला. तो थरथरत होता, आणि सगळ्यांना दिसत होता. कुणी हसलं नाही.